फाइलीवर न येणारी हरकत

सरकारी नोकरीत माणूस अर्ज वाचून वाचून म्हातारा होतो. रजेचे अर्ज, बदलीचे, बदली रद्द करण्याचे, घरभाडे भत्त्याचे, सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीचे, आणि ती तक्रार मागे घेतल्याचे. हे सगळे मी पाहिले. 'सदर काम माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध असल्याने मला त्यातून वगळण्यात यावे' असा अर्ज मात्र पूर्ण नोकरीत एकदाही माझ्या टेबलावर आला नाही. म्हणून श्रद्धा कामाच्या आड येत नव्हती असं नाही. ती सारखी आड यायची, फक्त कागदावर यायची नाही.

मी नोंदणी व मुद्रांक विभागात लिपिक होते. आधी दस्तनोंदणी, म्हणजे फ्लॅटची खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं. मग ठाणे जिल्ह्यातल्या एका कार्यालयात विवाहाचं टेबल मिळालं आणि निवृत्तीपर्यंत तेच राहिलं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. तिथली काही माणसं अजून खुर्चीत आहेत, आणि निवृत्त झालेली आमच्या नौपाड्यातच संध्याकाळी गोखले रोडला भाजी घेताना भेटतात. भेटल्यावर आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो.

लोक ज्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात त्यात कोर्ट कुठेच नसतं, हे पहिल्या दिवशी येणाऱ्या निम्म्या जोडप्यांना समजावून सांगावं लागे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते ती आधीच झालेल्या लग्नाची नोंद. तिथे नमुना 'ड' भरायचा, त्यावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची किंवा काझींची सही आणायची, पत्रिका जोडायची. आमच्याकडे लग्नच लागतं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकाने तरी तीस दिवस जिल्ह्यात राहिलेलं हवं. मग नोटीस द्यायची, ती आम्ही वहीत चढवायची आणि बोर्डावर लावायची, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन यायचं आणि साहेबांसमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं बोलायचं. मंत्र, कलमा, वचनं हवी असतील तर खुशाल म्हणा, कायद्याची ना नाही. पण ते एक वाक्य बोलल्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

हा कायदा ज्याच्या जागी आला तो 1872 चा. केशवचंद्र सेनांच्या ब्राह्मसमाजी चळवळीतून तो निघाला, आणि त्यात वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन, ज्यू कुणीच नाही. लग्न करायचं तर आधी देव नाकारा. 1923 साली हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपापसात ही अट सुटली. सगळ्यांची सुटली ती 1954 च्या कायद्याने, जो 1 जानेवारी 1955 पासून लागू झाला. म्हणजे आज सेवेत असलेल्या कुठल्याही विवाह अधिकाऱ्याच्या किंवा लिपिकाच्या जन्माआधीपासून हा कायदा आहे. 'नोकरीला लागलो तेव्हा असलं काम नव्हतं' असं म्हणायची सोय आमच्यापैकी कुणालाच नाही. पुढे इंग्लंडची गोष्ट सांगणार आहे, तिथे हा मुद्दा कामाला येईल.

नापसंतीला बोलायची वेळ आली की ती कागदपत्रांच्या भाषेत बोलते. 'आधार कार्डावर पत्ता जुना आहे.' 'शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, प्रतिज्ञापत्र आणा.' 'प्रतिज्ञापत्र आणलंत? नोटरीचं चालत नाही, तहसीलदारांपुढचं हवं.' 'आईवडिलांची संमती जोडा.' कायद्याला एकवीस वर्षांच्या मुलाची आणि अठरा वर्षांच्या मुलीची स्वतःची संमती पुरते. आईवडिलांचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला मागितलेलाही मी पाहिला आहे, जो कुठलंच पोलीस ठाणं देत नाही कारण तसा नमुनाच नाही. मागणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली अर्जदारांच्या घरी नोटिसा धाडू नका म्हणून सांगितलं, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2018 मध्ये आईवडिलांना कळवण्यासारख्या जास्तीच्या अटी काढायला लावल्या. न्यायालयांना हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं म्हणजे ठिकठिकाणच्या टेबलांवर तीच युक्ती चालते. कुणी कुणाला शिकवलेली नसते.

परदेशी निघालेला मुलगा यायचा. त्याच्याच जातीतली मुलगी, दोघांच्या आया सोबत. गणपतीनंतर थाटात लग्न ठरलेलं असायचं, पण व्हिसासाठी प्रमाणपत्र आधी हवं. अशांच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ कुणी बघत नसे. आतून खुर्च्या यायच्या, चहा सांगितला जायचा. त्याच दुपारी दुसरं, दोन धर्मांचं जोडपं भिंतीला टेकून उभं असायचं, आणि त्यांचा अर्ज तिसऱ्यांदा उलटून पाहिला जात असायचा. आंतरजातीय जोडप्यांचं मधलंच काहीतरी असे, जात कोणती यावर ते ठरे. गंमत म्हणजे तेच सरकार, जोडप्यात एकजण मागासवर्गीय असेल तर, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून त्यांना पन्नास हजार रुपये प्रोत्साहन म्हणून देतं. एका टेबलावर प्रोत्साहन आणि दुसऱ्यावर भुवई.

आमचे एक साहेब होते. माणूस हुशार, मसुदा लिहावा तर त्यांनी, आणि पैशाला हात न लावणारे. हे मुद्दाम सांगते, कारण अडवणूक म्हटलं की लोकांना चिरीमिरीच आठवते. हे साहेब मोबदल्यासाठी काही करत नसत. एका मुलीची नोटीस आली, पत्ता नौपाड्यातला, मुलगा दुसऱ्या धर्माचा. आडनाव पाहिल्यावर साहेबांनी ओळखीतून ओळख काढून तिच्या वडिलांना फोन केला. 'तुमच्या कानावर घालावं म्हटलं, पुढे तुम्ही बघा.' दुसऱ्या दिवशी वडील, काका आणि अजून काहीजण आले, वहीतली नोंद वाचून गेले. वही कुणीही विनामूल्य पाहू शकतो, कायद्यातच लिहिलं आहे, त्यामुळे साहेबांनी बेकायदा असं काही दाखवलं नव्हतं. मुलगी नंतर आलीच नाही. मुलगा दोनदा येऊन बसून गेला. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते, कलम 14. तशी ती झाली. फाइलीवर शेरा पडला, 'अर्जदार मुदतीत उपस्थित राहिले नाहीत.' तो शेरा माझ्याच अक्षरात आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. उद्या एखाद्या लेखापरीक्षकाने ती फाइल काढली तर त्याला तिच्यात बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

मी साहेबांना विचारलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'बाई, माझ्या मुलीच्या बाबतीत कुणी मला असा फोन केला असता तर मी त्याचे पाय धरले असते.' त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी पुण्य केलं. पगार ज्या कामाचा घेतो ते न करणं हेच पुण्य, असं मानणाऱ्या सज्जन माणसाशी भांडायचं कसं हे मला तेव्हा सुचलं नाही.

कायदा या बाबतीत साहेबांच्याच बाजूचा आहे असं कधीकधी वाटतं. विशेष विवाह कायद्यातलं कलम 46 वाचा. नोटीस न लावता किंवा तीस दिवसांच्या आत जाणूनबुजून लग्न लावलं, तर विवाह अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाई केली तर तुरुंग. उगाच लांबवलं, अडवलं, घरच्यांना कळवलं, तर त्या कायद्यात शिक्षा नाही. विलंबासाठी आपल्या राज्यात 2005 चा वेगळा अधिनियम आहे. साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल एका टेबलावर राहू नये, असं तो म्हणतो. 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही आहे, पाचशे ते पाच हजार रुपये दंडाचा. पण ते दोन्ही फाइलीचं अडणं मोजतात. फाइल 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' गेली की ती अडलेली धरत नाहीत. आमच्या खात्यात या दोन शब्दांच्या चोरवाटेने किती जोडपी परत गेली असतील!

मीही देवभोळ्यांतलीच आहे. संकष्टी सोडत नाही, घंटाळीच्या देवीला नवरात्रात ओटी भरते. आमच्या कार्यालयात गणपतीचा फोटो होता, दत्ताचा होता, कॅलेंडरवर साईबाबा होते. 2017 च्या जानेवारीत ग्रामविकास खात्याने कार्यालयांतले आणि शाळांतले देवादिकांचे फोटो काढायचं परिपत्रक काढलं होतं, आरडाओरड झाल्यावर ते गुंडाळलं. मला स्वतःला फोटोंचा त्रास कधी वाटला नाही. पण काउंटरच्या पलीकडे उभं राहून ती भिंत बघणारी एखादी शबाना किंवा एखादा डिसोझा काय वाचत असेल, हा विचार मी एकदा मनाशी केला आणि मग तो गेला नाही. फोटो तिथेच राहिले. मी टेबल थोडं फिरवून घेतलं.

बाहेरून येणाऱ्या हरकतींना निदान चेहरा असे. बोर्डावरच्या नोटिसांचे मोबाइलवर फोटो काढणारी मुलं शेवटची काही वर्षं नेमाने यायची. नावं वाचून काढायची, दोन धर्मांची असली की टिपायची. कायद्याप्रमाणे हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं मोजकी आहेत. आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. 'धर्म वेगळा' हे त्यात नाही, त्या कायद्याचा जन्मच त्यासाठी आहे. तरी हरकत आली की चौकशी, चौकशीला आणखी तीस दिवसांपर्यंत. खोडसाळ हरकत घेणाऱ्यावर हजार रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. मी तो बसवलेला एकदाही पाहिला नाही. केरळने 2020 मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. पण ते अलाहाबादचं. आमच्या बोर्डावर नोटिसा लागतच राहिल्या.

मग डिसेंबर 2022 आला. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाने महाराष्ट्र हादरला होता. 13 डिसेंबरला महिला व बालविकास विभागाने शासन निर्णय काढून 'आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती' नेमली, अध्यक्ष खात्याचे मंत्री मंगलप्रभात लोढा. अशा जोडप्यांची, पळून जाऊन केलेल्या लग्नांची, नोंदणीकृत आणि बिननोंदणीच्या विवाहांची माहिती गोळा करायची, मुलीच्या माहेरशी संपर्क जोडायचा, असं काम. दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, उरलं फक्त आंतरधर्मीय. चहाच्या वेळी आमच्याकडे एकजण म्हणाला, 'बघा, साहेब बरोबरच होते. ते आधीच समन्वय करत होते.' हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मला हसू आलं नाही. साहेबांच्या मनातली गोष्ट तोवर निदान खाजगी होती. फोन त्यांना लपून करावा लागला होता. 2025 च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक सातजणांची समिती नेमली गेली, 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा अभ्यास करायला. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या शक्ती वाहिनी निकालाला धरून अशाच जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित निवारे आणि पोलिसांचे विशेष कक्ष करायचंही याच राज्याने ठरवलं आहे. एकच सरकार, दोन्ही कागद. कुठला कागद वर ठेवायचा ते टेबलावरचा माणूस ठरवतो.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची कारकून किम डेव्हिस हिची बातमी मी 2015 मध्ये वाचली तेव्हा मला तिचा हेवाच वाटला म्हणा ना. जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना मान्यता दिली, आणि हिने सगळ्यांचेच परवाने थांबवले. कारण विचारलं तर देवाचं नाव घेऊन उघड सांगितलं. न्यायाधीशाने तुरुंगात टाकलं, सप्टेंबरच्या 3 तारखेला आत, 8 तारखेला बाहेर. तोवर तिच्या हाताखालच्यांनी परवाने दिले, आणि काम सुरू झालं. तिचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण तिने सांगितलं, म्हणून न्यायालयाला तिला विचारता आलं. आमच्या साहेबांना कोण काय विचारणार?

लंडनच्या इस्लिंग्टनमधली लिलियन लाडेल वेगळी. ती आमच्यासारखीच विवाहनोंदणीतली बाई, श्रद्धाळू ख्रिस्ती. 2005 च्या अखेरीला समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीचं काम तिच्या टेबलावर आलं. तिने ते टाळायला सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून घेतल्या, काही दिवस ते चाललं, मग सहकाऱ्यांनीच तक्रार केली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला. तिच्याविषयी मला थोडी कणव आहे. ती नोकरीला लागली तेव्हा तो कायदा नव्हता. आपल्याकडे अलीकडे लष्करातले लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन यांचं प्रकरण गाजलं. ख्रिस्ती अधिकारी, शीख जवानांच्या तुकडीचा, रेजिमेंटच्या धर्मस्थळात अगदी आतल्या गाभ्यापर्यंत जायला नकार दिला म्हणून सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते कायम ठेवलं. लष्कराची शिस्त निराळी, तिचं माप आमच्या टेबलाला लावू नये असं मला वाटतं. तिथे माणसाला दुसऱ्याच्या देवापुढे जायला सांगितलं होतं. आमच्याकडे कुणी कुणाला तसलं काही सांगत नाही. फक्त शिक्का मारायचा असतो.

आणि हे सगळं परदेशातून किंवा परधर्मातून आलेलं आहे असंही कुणी समजू नये. 1917 साली बडोदे संस्थानात डॉ. आंबेडकर अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई फायली त्यांच्या हातात न देता लांबून टेबलावर टाकत. विटाळ होऊ नये म्हणून. धर्मश्रद्धेपोटी सरकारी कर्तव्य अर्धंच करणारा नोकर आपल्याकडे इतका जुना आहे. त्यांनीही कुणी अर्ज दिला नव्हता. फाइल पोचत तर होती ना!

आमच्याकडे एक ताई होत्या, माझ्याहून वयाने आणि नोकरीनेही मोठ्या. एवढ्या वर्षांत स्वच्छ बोललेली ती एकच बाई. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, 'हे बघ, हिंदू मुलगी आणि मुसलमान मुलगा असलं लग्न माझ्या हातून नको. मला पाप वाटतं. तू कर ते. तुझी महिन्याची विवरणपत्रं मी करते.' साहेबांच्या कानावर गेलं, ते म्हणाले, 'आपसात बघा.' आम्ही बघितलं. मला विवरणपत्रांचा कंटाळा होता, सौदा वाईट नव्हता. ताईंनी त्या जोडप्यांना कधी वाकडा शब्द बोलला नाही, कुणाच्या घरी फोन केला नाही, ऱ्हस्व-दीर्घ काढला नाही. त्यांच्याकडे आलेला अर्ज त्या मुकाट्याने माझ्याकडे सरकवायच्या.

अडचण एवढीच होती की मी रजेवर असले की त्या जोडप्यांना 'मॅडम नाहीत, सोमवारी या' असं सांगितलं जाई. बाकीच्यांना नाही. भिवंडीहून अर्धा दिवस बुडवून आलेल्या माणसाला ते सोमवारचं कारण कळत नसे, आणि तीन साक्षीदार पुन्हा जमवणं ही किती पीडा असते ते त्यांनाच विचारावं. लाडेलच्या सहकाऱ्यांनी तक्रार का केली असेल ते मला तिच्याविषयी वाचण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. तरी मी तक्रार केली नाही. साहेबांच्या गुपचूप पुण्यापुढे ताईंचा उघड नकार मला परवडत होता.

एका निवडणुकीच्या वेळी मला प्रशिक्षणाला बोलावलं. गडकरी रंगायतनच्या बाजूने जाताना डोक्यात आलं की आज अमुक एका जोडप्याचा शेवटचा दिवस आहे. मुलगी घंटाळीच्या मागच्या एका गल्लीतली, मुलगा राबोडीचा. घरच्यांच्या भीतीने त्यांनी आजवर लांबवलं होतं. आज झालं नाही तर कलम 14, नोटीस बाद, पुन्हा नोटीस, पुन्हा महिनाभर बोर्डावर नाव, पुन्हा मोबाइलवाली मुलं. फोन लावला तर ताईंनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल माझ्या टेबलावर होती. पुरी झालेली. घोषणापत्रावर तिघा साक्षीदारांच्या सह्या, साहेबांची सही, प्रमाणपत्राच्या वहीत ताईंच्या सुबक अक्षरात नोंद. शिपाई सांगत होता की मुलगा फार हळू बोलला म्हणून ताईंनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, 'मोठ्याने, साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की झालंच नाही.' मी ताईंना विचारलं, हे कसं काय? त्या डबा उघडत म्हणाल्या, 'मुदत संपत होती. मुदत काय तुझी-माझी आहे का?' मग थोड्या वेळाने, लोणच्याची फोड माझ्या ताटलीत टाकत, 'पण पुन्हा असं करू नकोस हं. तुझं प्रशिक्षण असलं तर आदल्या दिवशी सांगत जा, मी रजा टाकीन.'

पुढच्या प्रशिक्षणाला मी सांगितलं, आणि त्यांनी खरंच किरकोळ रजा टाकली. त्या दिवशी दोन्ही टेबलं साहेबांनी स्वतः सांभाळली. माझं विवरणपत्र मात्र ताईंनी आदल्या संध्याकाळी पुरं करून ठेवलं होतं.